अक्कांचं बँकॉक

किस्से काही कुणी मुद्दाम साठवत नाही. भडगावला एका कृषी केंद्राच्या काउंटरमागे मी चौदा वर्षं उभा आहे, आणि आमच्याकडे खताच्या गोण्यांपेक्षा किस्सेच जास्त पडून आहेत. गोण्या निदान विकल्या तरी जातात! मित्र म्हणतात, "सुनील, आबांचा एखादा सांग ना." एखादा कसला डोंबलाचा? एक काढला की मागचे धडाधड अंगावर येतात.

आबा म्हणजे आमचे मालक. धुळ्याला शेतकीचं कॉलेज केलेले. त्यांचा नियम एकच: फवारणीचं औषध पाहिजे, तर आधी पिकाचं पान आणून दाखवा. पान बघतात, उलटं करतात, उजेडात धरतात, आणि दहातल्या पाच जणांना सांगतात, "काही झालेलं नाही. घरी जा."

असं दुकान चालतं का हो? पण चालतंय!

* * *

एकदा गिरणाकाठचा एक शेतकरी पान घेऊन आला. आबांनी पाहिलं आणि म्हणाले, "काही लागत नाही."

तो बिचारा हिरमुसला. "आबा, इतला लांबथून उनू, काहीतरी द्या ना!"

"देतो की," आबा म्हणाले. "सुनील, याला चहा सांग."

तो चहा प्यायला, तडक पलीकडच्या दुकानात गेला आणि पिकाच्या टॉनिकच्या तीन बाटल्या घेतल्या. अर्ध्या तासाने पिशवी हलवत परत आमच्याच दारात! "आबा, त्यास्नी दिधं, पन कसं मारानं ते सांगं नही."

माझं डोकंच फिरलं. आबांनी मात्र चष्मा लावला, लेबल वाचलं, पंपाला किती टाकायचं ते सांगितलं, वर तोंडाला फडकं बांधायला बजावलं. तो गेल्यावर मी म्हणालो, "आबा, धंदा त्यांचा आणि मास्तरकी आपली, तीही फुकट?"

"अरे, घेऊन बसलाय ना तो. आता निदान पीक तरी जळू नये."

* * *

आता टूरचं सांगतो, कारण खरी मेख तिथे आहे.

औषधांच्या कंपन्या डीलरला टार्गेट देतात. सीझनमध्ये औषधांच्या आणि टॉनिकच्या ठरलेल्या पेट्या विकल्या की नवरा-बायकोला परदेशाची टूर. आमच्या तालुक्यातले जवळपास सगळे डीलर बँकॉक करून आलेत. आमचे आबा सोडून! दरवर्षी थोडक्यात हुकतं, कारण टार्गेट भरतं टॉनिकवर, आणि तेच आबा गरज नसेल तर देत नाहीत.

आणि अक्कांना, म्हणजे आबांच्या मंडळींना, विमानात बसायचंय. नुसतं बसायचं नाही, या टूरवरच जायचंय. पलीकडच्या दुकानाच्या वहिनी दरवर्षी जाऊन येतात आणि हळदीकुंकवाला फोटो दाखवतात. हत्तीवर बसलेल्या, बोटीत बसलेल्या. अक्का फोटो बघतात, "छान हो" म्हणतात, आणि घरी आल्यावर आबांना जेवायला वाढताना भांडी जरा जोरात वाजतात.

एका वर्षी तर टार्गेट होणारच म्हणून त्यांनी पासपोर्ट काढला. चौकशीला आलेल्या हवालदाराने विचारलं, "मावशी, कुठे जाणार?"

अक्का म्हणाल्या, "ते आमच्या मालकांना विचारा. ते लोकांना नको नको म्हणायचं थांबले, की मी निघाले!"

* * *

मुलगा पुण्यात इंजिनिअर आहे. तो म्हणाला, "आई, मी काढतो दोघांची तिकिटं. सोड ना ती टूर."

अक्कांनी फोनवरच झापला. "पैसे टाकून कुणीही जातं रे! ह्यांनी आयुष्य घातलं त्या दुकानात. सगळ्या डीलरांच्या रांगेत ह्यांच्या गळ्यात हार पडलेला मला बघायचाय."

मी काउंटरवरून ऐकत होतो. 

* * *

म्हणून मी एक उद्योग केला. आबा लग्नाला देवपूरला गेले होते. दुकानात मी एकटाच. दोन गिऱ्हाइकं आली, मी पानं बघितलीच नाहीत आणि टॉनिकच्या दोन पेट्या खपवल्या. म्हटलं, अक्का तेवढ्याच दोन पेट्या पुढे सरकल्या!

संध्याकाळी आबा आले, रॅकमधली रिकामी जागा बघितली आणि म्हणाले, "गाडीला किक मार."

दोन्ही गिऱ्हाइकांची गावं पालथी घातली. एक पेटी परत मिळाली. दुसरा गडी देईना! "आबा, काय खोट शे त्यात?"

"खोट काही नाही. तुला गरज नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या घरमां!"

आबांनी हात जोडले तेव्हा कुठे त्याने पेटी दिली. येताना दोन्ही पेट्या आबांनी स्वतःच्याच मांडीवर धरल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून मीही पान बघितल्याशिवाय बाटलीला हात लावत नाही, आणि हे मी छाती फुगवून सांगतो.

* * *

आणि हा परवाच्या सीझनचा.

कपाशीवर खरोखरच रोग आला होता. ज्यांना लागतं त्यांनाच देऊनही आमचा माल तुफान गेला. सीझनच्या शेवटच्या दिवशी टार्गेटला फक्त दहा पेट्या कमी! कंपनीचे साहेब जळगावहून सकाळीच येऊन बसलेले. आबा कुणाच्या तरी शेतावर रोग बघायला गेलेले. काउंटरवर मी आणि अक्का.

दुपारी एक मोठे बागायतदार गाडीतून उतरले. "अक्का, बठ्ठी कपाशी पिवळी पडनी. दहा पेट्या टॉनिक द्या."

दहा! बरोबर दहा! साहेब खुर्चीतून उठलेच. मी शिडीवर चढून पेट्या खाली घ्यायला लागलोसुद्धा.

अक्का म्हणाल्या, "भाऊ, पान आणलं का?"

त्यांनी खिशातून काढून दिलं. अक्कांनी ते उलटं केलं. दारापाशी जाऊन उजेडात धरलं.

साहेब म्हणाले, "अहो अक्का, पान काय बघता? बँकॉक बघा!"

 अक्कांनी ते पान इतका वेळ धरलं की शिडीवर माझे पाय भरून आले.

मग त्या वळल्या. "भाऊ, पानी जास्त व्हयी गयं. चार दिन मोटार बंद ठेव. याले काहीच लागाव नही."

बागायतदार गेले. साहेब मटकन खाली बसले. "अक्का... दहाच पेट्या होत्या हो!"

"मला मोजता येतं," अक्का म्हणाल्या. "सुनील, साहेबांना चहा सांग."