पहिल्या बेसवरचा पाय

गडचिरोली सोडल्यावर बस धानाच्या मोकळ्या बांध्यांमधून (भातशेतांमधून) धावू लागली आणि मी नियमांचं पुस्तक मिटलं. नागपूरबाहेर पंच म्हणून ही माझी पहिलीच खेप. पुस्तक इंग्रजीत, मला पाठ. अनोळखी माणसांसमोर ओरडून निर्णय देणं मात्र पाठ करता येत नाही.

चामोर्शीच्या शाळेच्या मैदानावर मुलींचे सॉफ्टबॉल सामने होते. चुन्याच्या रेषा आणि बेस म्हणून कोंडा भरून शिवलेली पोती. मुख्य पंच वासुदेवभाऊ, निवृत्त क्रीडाशिक्षक. त्यांनी आधी माझ्या हातात लाखोरीच्या डाळीचे गरम वडे ठेवले.

"खाऊन घ्या बाई. उपाशी पंच साऱ्याइले आऊट देते."

दुपारी चामोर्शी विरुद्ध धानोरा. हरेल तो संघ त्याच दिवशी घरी. शेवटच्या डावात धानोरा एका धावेनं मागे, दोन गडी बाद, आणखी एक गेला की सामना संपला; तिसऱ्या बेसवर एक मुलगी. ललिता नावाच्या सडपातळ पोरीनं चेंडू जमिनीलगत मारला आणि ती पहिल्या बेसकडे, म्हणजे माझ्याकडे, सुटली. अशा वेळी पंचानं चेंडू झेलणारीचा पाय बेसवर टेकला आहे का ते बघायचं आणि चेंडू हातमोज्यात पडल्याचं कानांनी ओळखायचं. पण प्रेक्षकांनी ढोल असा बडवला, की काही ऐकू येईना. मी मान वर करून चेंडूच पाहिला. तो ललिताच्या आधी पोचला.

"आऊट!"

चामोर्शीच्या मुली नाचू लागल्या. धानोऱ्याच्या प्रशिक्षक बाई धावत आल्या. "मॅडम, झेलणारीचा पाय पोत्यावर नव्हता. भाऊले विचारा ना!"

पाय मी पाहिलाच नव्हता. ललिताच्या मागोमाग अर्ध्या वाटेपर्यंत आलेले वासुदेवभाऊ तिथेच थांबले होते. निर्णय देणाऱ्यानं विचारल्याशिवाय दुसऱ्या पंचानं बोलायचं नसतं. मी त्यांच्याकडे चालत गेले.

"तुमी काय पाह्यलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"चेंडू आधी आला. पाय... नाही पाहिला."

"मी पाह्यला. वीतभर बाहेर होता."

"मग तुम्हीच सांगा ना."

"काऊन (का)? निकाल तुमचा, बदलायचा बी तुमीच. शिव्या अर्ध्या-अर्ध्या खाऊ."

मी परत जाऊन दोन्ही हात पसरले. "सेफ!" तिसऱ्या बेसवरची मुलगी होम बेसवर पोचलेली होतीच; तिची धाव धरली गेली आणि बरोबरी झाली.

"ओ नागपूरवाल्या बाई, चष्मा घरी राह्यला काय?" कुंपणावरून कोणी तरी ओरडलं.

"माहा हाये ना!" वासुदेवभाऊ गरजले. "दोघाइत एक पुरते!"

सारं मैदान हसलं. मीसुद्धा.

जादा डावात धानोरा एका धावेनं हरलंच.

परतीच्या बसमध्ये धानोऱ्याच्या मुली होत्या. शाळेत मी कधीच शंका विचारली नाही, कारण हात वर केला की वर्ग वळून बघायचा. आज अख्खं चामोर्शी बघत होतं, आणि तरी मी धड होते. मी हा विचार करत असताना ललिता शेजारी येऊन बसली आणि तिनं ओंजळभर बोरं पुढे केली.

"मॅडम, तुमी विचारलं म्हणून आमी अजून एक डाव खेळलो. मजा आली." मग तिरकं बघत म्हणाली, "पण आधीच पाय पाह्यला असता तर?"

"पुढच्या वेळी पाहीन," मी म्हणाले. "आणि नाही दिसला, तर पुन्हा विचारीन."