कावळ्याच्या कानात

माझ्या वडिलांना, आबांना, ज्याने आयुष्यभर झुलवलं त्याला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. हे आधीच सांगून टाकते. माझ्याकडून कुणी मोठ्या मनाची अपेक्षा ठेवू नये.

आमचं गाव कुंडलच्या जवळ. हा माणूस पहिल्यांदा आमच्या दारात आला तो आबांच्या मोटारसायकलवर मागे बसून. आबा पक्षाचे जुने कार्यकर्ते. कुठल्या गावात कुणाच्या शब्दाला वजन आहे, कुठल्या भावाभावांत बांधावरून अबोला आहे, हे सगळं आबांनीच त्याला हिंडून दाखवलं. तो आमच्याकडे जेवायचा, आईला काकी म्हणायचा. मी त्याला दादा म्हणायची.

पुढे जग त्याला साहेब म्हणू लागलं. स्वतः कधी उभा राहिला नाही, पण जिल्ह्यात कुणी उभं राहायचं आणि कुणाला बसवायचं हे तो ठरवू लागला. पक्ष फुटला तेव्हा आधी तिकडे गेला, मग इकडे आला, आणि दोन्हीकडे म्हणाला की मी मनाने तुमच्यातच होतो. सदस्यांना गाडीत घालून सहलीला न्यायचं, फोन काढून घ्यायचे आणि मतदानालाच परत आणायचं, यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पेपरात बोंब उठली की हा कुणाच्या तरी मयताला हजर. आमच्या भागात मयत चुकवणारा पुढारी टिकत नाही.

त्याची एक रीत होती. चारचौघांत शब्द द्यायचा नाही. खांद्यावर हात टाकून बाजूला न्यायचं आणि कानात द्यायचा. ऐकणारा खूश, आणि साक्षीला कुणी नाही. जिल्हा परिषदेचं तिकीट आबांना त्याने दर निवडणुकीला असंच कानात दिलं आणि दर वेळी ते दुसऱ्याच्याच हातात निघालं. शेवटच्या खेपेला अर्ज भरायला जायचं म्हणून आईने नवा सदरा इस्त्री करून ठेवला होता. तो सदरा आम्ही आबांच्या अंगावर घातला, पण तिरडीवर.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला साहेब आले. पांढरेशुभ्र कपडे, पडलेला चेहरा. श्रद्धांजलीचं भाषणही ठोकलं, आबा माझे गुरू होते म्हणाले. माझं डोकं फिरलं. मग नैवेद्य मांडला. भात, वांग्याची भाजी, चहा, आबांची तंबाखूची पुडी. कावळा बाभळीवर बसून राहिला. चुलत्यांनी हात जोडून सांगितलं की वहिनीला अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. भावाने सांगितलं, मी सांगितलं. ऊन चढलं, माणसं कुजबुजायला लागली की जीव कशात तरी अडकलाय.

कावळ्यावर माझा काडीचा विश्वास नाही. या साहेबाचा आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. मुहूर्त काढल्याशिवाय तो गाडीचं दारसुद्धा उघडत नाही.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आबांचा जीव तिकिटात अडकलाय. ज्यांनी शब्द दिला त्यांनी म्होरं यावं."

अख्खं गाव त्याच्याकडे बघायला लागलं. त्याला यावंच लागलं. चप्पल काढून तो नैवेद्यापाशी आला, वाकला, आणि सवयीने कुजबुजायला लागला. तोंड अगदी पत्रावळीजवळ.

"दादा, मोठ्यानं बोला," मी म्हणाले. "कावळ्याला कानात सांगत न्हाईत."

मागे कुणीतरी फसकन हसलं. स्मशानात मी त्याआधी हसणं ऐकलं नव्हतं. तो सरळ झाला, घाम पुसला, आणि म्हणाला की येत्या वेळी याच घरात तिकीट देतो.

"मेलेल्या माणसाला तिकीट नगं. काय केलंसा तेवडं सांगा."

आई माझा पदर ओढत होती. मी मागे सरले नाही. त्याने बाभळीकडे बघितलं, माणसांकडे बघितलं. मग मान खाली घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"आबा, दर येळंला शब्द दिला आन् दर येळंला फिरलो. माझं चुकलं."

आणि कावळा उतरला. त्याने भात टाकून आधी वांगं उचललं.

उतरला नसता तर हा म्हणाला असता, बघा, माझा काही संबंध नाही. उतरला, आणि गावाच्या लेखी गुन्हा शाबीत झाला. आई डोळे पुसत म्हणाली, "सुटलं गं तुजं आबा." आबा सुटले असतील. याला मी सुटू दिलेलं नाही.

तिकिटं अजून तोच वाटतो. पण परवा आष्ट्यात एका लग्नात त्याने कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकला, कानाकडे वाकला, आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "सायेब, मोठ्यानं बोला." मांडव हसला. त्याने हात काढून घेतला आणि वळून बघितलं. मी तिथंच बसले होते. मी नमस्कार केला आणि पानातलं वांगं खायला घेतलं.