उंबरठ्यापासून पाच मीटर

एवारिस्तो ओयार्सून आमच्या उशुआयाचा, अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरच्या बंदराचा. वीस वर्षं त्यानं जहाजावरच्या प्रवाशांना रबरी होडीतून अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर नेऊन सोडलं. होडीवाल्यानं होडी सोडायची नसते, त्यामुळे स्वतः फारसा कधी उतरला नाही. मी त्याच जहाजावर काम करते; बाहेरची घाण किनाऱ्यावर जाऊ नये म्हणून उतरणाऱ्यांचे बूट औषधाच्या पाण्यात बुडवून घेते.

तो दिवस त्याच्या नोकरीतला शेवटचा, आणि नशिबानं उतरायची जागा होती जुन्या झोपडीची. बाविसाव्या वर्षी तो तिथं स्वयंपाकी म्हणून हिवाळाभर राहिला होता. आठ माणसं, एक चूल. चुलीमागच्या फळीवर आठांनी नावं कोरली होती. त्यातला आता हा एकटाच उरला होता. ती फळी एकदा बघायची, एवढंच त्याचं मागणं. आजवर दर वेळी बर्फ आडवा आला होता.

आमचा म्होरक्या ब्रुनो म्हणाला, "जा म्हातारबा, होडी मी धरतो. घे अर्धा तास."

"आधी बूट बुडवा," मी म्हटलं.

"पोरी, तुझ्या वयापेक्षा जुने बूट आहेत हे."

"मग मळही जुनाच असेल."

हसत हसत त्यानं बुडवले. त्या फेरीला मीही त्याच्याबरोबर गेले.

चढण चढताना तो भराभर बोलत होता. इथं मटणाचा रस्सा गोठायचा, इथं गिटार वाजायची. झोपडीपाशी आला आणि थांबला. दार उघडंच होतं, पण उंबरठ्यावर पेंग्विननं खडे रचून घरटं केलं होतं. पोटाखाली दोन पिल्लं होती.

पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं, हा नियम. त्यावरून एवारिस्तोनं एका मंत्र्यालाही झापलं होतं.

"दोन पावलं पुढे टाका हो," मी म्हटलं. "कोण बघतंय?"

"ती बघतेय ना."

त्यानं टोपी काढली. फळीवर ज्या क्रमानं होती, त्या क्रमानं तिथूनच एकेक नाव मोठ्यानं घेतलं. शेवटी स्वतःचं. मला रडू आवरेना.

खाली ब्रुनोनं विचारलं, "काय, दिसली का नावं?"

"आत गेलोच नाही," एवारिस्तो होडीत बसत म्हणाला. "घरात बाळंतीण आहे."