साडूचा भरगच्च कंटेनर

एखादी वस्तू मागे ठेवून घराबाहेर पडलेला माझा धाकटा साडू आजवर कोणी पाहिलेला नाही, आणि पाहिला असं कोणी म्हणत असेल तर तो माणूस धडधडीत खोटं बोलतोय, हे मी छातीठोकपणे सांगतो. रिसोडहून वाशीमला दोन तासांच्या लग्नाला आला तरी त्याच्या पिशवीत सुई-दोरा, पेचकस, टॉर्च, नायलॉनची दोरी आणि दोन जास्तीचे चार्जर असतात. एकदा मंडपात नवरीच्या चपलेचा पट्टा तुटला, तेव्हा यानं शांतपणे दाभण काढून तो शिवून दिला. तेव्हापासून त्याला टोकायची आमची सोयच राहिली नाही.

पुण्याच्या एका कंपनीचं काम तो रिसोडच्या घरी बसून करतो. क्लाऊडवर छोटी छोटी फंक्शन्स लिहायची, असं ते काम. मी शाळेत मराठी शिकवणारा माणूस, तेव्हा माझ्यासाठी त्यानं ते सोपं करून सांगितलं. "भाऊ, फंक्शन म्हंजे झोपलेला गडी समजा. हाक आली का उठते, काम करते, परत झोपते. त्याले लागणारी टूलं कंटेनरात, म्हंजे त्याच्या पेटीत, आदीच भरून द्या लागते. उठल्यावर बजारात नाही जाता येत त्याले." हे ऐकलं आणि माझी खात्री पटली की हा धंदा जगात केवळ याच्यासाठी निघाला आहे. साध्या पावत्या छापणाऱ्या फंक्शनच्या कंटेनरात यानं फोटो सरळ करायचं टूल भरलं, फायली जोडायचं भरलं, वर व्हिडिओ कापायचंही भरलं. "पावतीले व्हिडिओ कायले?" मी त्याच्याच भाषेत विचारलं. "असू द्या न. येखाद्या दिवशी लागते." कंपनीतले साहेब फोनवर कंटेनर हलका करायला सांगतात. हा "हो सर" म्हणतो आणि आणखी एक टूल टाकतो.

आमच्या सासूबाई आसेगावला राहतात. चाळिशी उलटल्यावर त्या वाचायला शिकल्या, आणि तेव्हापासून सकाळची पालीतली बुद्धवंदना झाली की पुस्तकाचं एक पान वाचल्याशिवाय त्यांनी चहा घेतला नाही. गेल्या वर्षी त्यांना अक्षरं दिसेनाशी झाली आणि नजर आता सुधारणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या रडल्या नाहीत. "इतक्या उशिरा आलं अन् इतक्या लवकर गेलं," एवढंच म्हणाल्या. साडू दर रविवारी एसटीनं जाऊन त्यांना वाचून दाखवू लागला. पण उरलेले सहा दिवस त्या पुस्तक नुसतं मांडीवर घेऊन बसत. ते काही त्याला बघवेना. शेवटी त्यानं ठरवलं की फोन पानावर धरून बटण दाबलं की पान मोठ्यानं वाचणारं फंक्शन करायचं.

पहिल्या रविवारी सासूबाईंनी बटण दाबलं आणि फोन गप्पच राहिला. साडूनं कंटेनर इतका ठासून भरला होता की तो ठरलेल्या वेळेत जागाच झाला नाही. जन्मात पहिल्यांदा या माणसाला सामान काढावं लागलं. आठवडाभर तो चिडून एकेक टूल उपटत होता, आणि काढायची सवयच नसल्यामुळे त्या झपाट्यात मराठी अक्षरं ओळखायची फाईलही काढून बसला. कंपनीचा इंग्रजी कागद धरून बघितला, तो झकास वाचला गेला. पुढच्या रविवारी फोन लगेच उठला आणि मराठी पानावरून इंग्रजी मुळाक्षरं खणखणीत आवाजात म्हणू लागला.

सासूबाईंनी पान संपेपर्यंत ऐकून घेतलं. "जवाई, हे कोणत्या भाषेत वाचून राह्यलं? पाली असती त मले समजलं असतं."

तिसऱ्या रविवारी मीही सोबत गेलो, आणि त्या दिवशी मात्र मराठी आलं, स्वच्छ आणि शुद्ध. त्यांनी एकापाठोपाठ चार पानं ऐकली आणि डोळ्यांना पदर लावला. "आता तुमाले दर आयतवारी उभ्यानं गाडीत याचं काम नाही," त्या म्हणाल्या. साडू हसला, पण त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला. त्याची आई तो पहिलीत असतानाच गेली.

तो अजूनही दर रविवारी जातोच. कधी आवाज जरा जाड करायचं टूल टाकायचं असतं, तर कधी पान संपल्याची घंटी. गेल्या वेळी मी पुन्हा सोबत होतो. यानं लॅपटॉप उघडला, बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला, पण टाकायला काही उरलेलंच नव्हतं. सासूबाईंनी फोन बाजूला सारला आणि पुस्तक त्याच्या हातात दिलं. "येवढं पान तुमी वाचा. फोन लय भरभर वाचते."

त्यानं अडखळत, अगदी सावकाश वाचायला घेतलं. मराठी शिकवण्यात माझी हयात गेली, मी समोरच बसलो होतो, पण मला कोणी वाच म्हटलं नाही. त्याचं मला काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर, थोडं वाटलं.