काकांचा पाय, वडिलांचा विडा

समोरून बैलगाडी आली की आमचे काका फटफटी बंद करून खाली उतरत आणि ती हातांनी ढकलत नेत. सगळं हुलसूर हसायचं. काका म्हणत, "बैलाला काय ठावं ही काय बला हाय ते? बुजला तर गाडीतली लेकरं खाली येतील." असल्या माणसाला लोक पुढे बेफाम म्हणाले. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

काका गावोगाव शिवणयंत्रं दुरुस्त करत. यंत्र स्वतः चालवून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हवाली करत नसत. "आधी माझ्या पायाला पटलं पायजे," म्हणत. तोच पाय गेला.

त्या दिवशी माझे वडील मागे बसले होते. बैलगाडी दिसली तसे दोघे उतरले. गाडी गेली, काका पुन्हा फटफटीवर बसले, वडील अजून कडेलाच होते, आणि कापसाच्या जिनवाल्या सावकाराची लॉरी रस्ता सोडून काकांच्या अंगावर आली. वडिलांना खरचटलंसुद्धा नाही. पाहणारे ते एकटेच.

काका बिदरच्या दवाखान्यात असतानाच सावकार पंचांना घेऊन आमच्या घरी आला. आमच्याकडे पंचांसमोर तबकातला विडा उचलला की भांडण मिटलं. पुन्हा त्यावर तोंड उघडायचं नाही. थोरल्यानं उचलला की सगळ्या घरानं उचलला. वडिलांनी उचलला. पाय धाकट्याचा आणि मोठेपणा ह्यांचा!

बिदरच्या वकिलांनी कपाळावर हात मारला. "अहो, लॉरीचा विमा आहे. भरपाई विमा कंपनी देईल. विड्यानं तुमचा हक्क बुडत नाही. पण ड्रायव्हर म्हणतोय, फटफटीवालाच बेफाम येऊन धडकला, तेव्हा पाहणारा एक माणूस उभा करा." म्हणजे सावकाराला फक्त कोर्टाची पायरी टाळायची होती आणि तेवढ्यासाठी आमचं घर बुडत होतं.

काका वडिलांपुढे बसले. "अण्णा, तुमी बघितलाव न्हवं?"

"बघितलो की. पर इडा उचललोय. आता कामून इचारायलास?"

मी वडिलांवर ओरडलो. काकांनी मलाच गप्प केलं, "थोरल्याला उलटून बोलू नगंस." त्यांचा हा चांगुलपणा मला तेव्हा सहन झाला नाही, आजही होत नाही.

कोर्टात मुन्सिफांनी विचारलं, "कोई गवाह?"

वडिलांचं नाव घेतलं असतं तर त्यांना विडा तरी मोडावा लागला असता, नाहीतर शपथेवर खोटं तरी बोलावं लागलं असतं.

"न्हाई, सरकार. कुनी न्हाई," काका म्हणाले.

तेव्हा ते एका पायावर उभे होते आणि काखेत हात घालून त्यांना धरून ठेवलं होतं माझ्या वडिलांनी.