नैवेद्याआधीची आमटी

शहादेव आचारी नैवेद्य दाखवण्याआधी आमटी कधी चाखत नसे. दिंद्रुड गावाच्या आसपास सप्त्याचं शेवटचं जेवण त्याच्याच हातचं. कढईच्या वाफेवर तो तोंड धरायचा. तोंडाला पाणी सुटलं की म्हणायचा, "जमली." आणि ती जमलेली असायची.

मग त्याची साखर वाढली, पोट सुटलं, गुडघे कुरकुरायला लागले. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी आठवड्याला एकदा पोटात टोचायचं इंजेक्शन दिलं. साखर उतरली. विजार ढिली झाली. भूकही गेली. बायको बायडाबाईने वाढलेली भाकरी ताटात अर्धी उरू लागली.

त्या वर्षी गावच्याच सप्त्यात तो वाफेवर वाकला. पाणी सुटेना. त्याने मीठ टाकलं. पुन्हा वाकला. पुन्हा टाकलं.

पंगतीतून शेजारचा हनुमान ओरडला, "शहादेव, मिठाची गोणी सांडली का बे कढईत?"

पंगत हसली. शहादेवही हसला. घरी येऊन मात्र भिंतीकडे तोंड करून पडला.

पुढच्या आठवड्यात त्याने सुई घेतली नाही. बायडाबाईला म्हणाला, "डॉक्टर म्हणले, आता गरज न्हाई." डॉक्टरांकडे तो गेलाच नव्हता. भूक परतली. तो पोटभर खायला लागला. ती आनंदाने भाकरी थापत राहिली.

पुढच्या सप्त्यात वाफेवर वाकताच तोंड पाण्याने भरलं. लोकांनी द्रोणच्या द्रोण ओरपले. हनुमानने कान पकडले, "चुकलं बे आमचं!"

त्या दिवशी चुलीतला निखारा पावलावर पडला होता. पुन्हा चढलेल्या साखरेने सुन्न झालेल्या पायाला कळलंच नाही. घरी पाय धुताना बायडाबाईला फोड दिसला. जखम चिघळत गेली. शेवटी पाऊल कापावं लागलं. आता कढईपाशी उभं राहणं संपलं.

"इंजेक्शन कुणी बंद केलं?" डॉक्टरांनी विचारलं.

बायडाबाई नवऱ्याकडे पाहत राहिली. डॉक्टर गेल्यावर त्याने सगळं सांगितलं. वाफ. मीठ. पंगतीतलं हसू.

"आवं," ती म्हणाली, "मीठ बेतानं घालून नैवेद्याची वाटी आधी काढायची. देवाला दाखवायची. मग खुशाल चाखायचं, लागलं तर मीठ घालायचं. कोन नको म्हणलं असतं?"

इतक्या वर्षांत हे त्याच्या मनात आलंच नव्हतं.

जेवणाचं ताट आलं. इंजेक्शन पुन्हा सुरू झालं होतं. सवयीने तो वाटीतल्या वाफेवर वाकला. तोंड कोरडंच राहिलं. त्याने बोट बुडवून चाटलं.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला.