पाठाला गरी

मुलांना शिकवायचं नसतं, ‘अडकवायचं’ असतं, हे मला नोकरीच्या बाविसाव्या वर्षी कळलं.

कळवणारा सुलभक माझ्या मुलाच्या वयाचा. (सुलभक म्हणजे प्रशिक्षणात शिक्षकांना सोपं करून सांगणारा माणूस. सांगतो अवघडच!) ‘‘सर, आजच्या मुलांची आवड पकडा! पाठाच्या सुरुवातीलाच हुक हवा, हुक!’’ मनात म्हटलं, अरे शेंबड्या, मी दोन पिढ्या पकडल्यात, कान धरून! पण खरं सांगू? त्याचा तो कॉलरचा माईक बघून माझा जीव जळत होता. मलाही सुलभक व्हायचं होतं. त्यासाठी शिक्षण खात्याच्या साहेबांसमोर एक आदर्श पाठ घ्यायचा होता. विषय, कोन.

घरी मी हुकाचं रडगाणं लावलं. मांडवीहून सासरे आले होते. उभा जन्म समुद्रावर गेलेला माणूस!

‘‘जावईबापू, हुक म्हणजे गरीच ना? काठीसकट न्या माझी. हिला लागलेला रावस सुटला नाय, पोरं काय सुटतायत!’’

‘‘अहो, हुक म्हणजे खरा हुक नसतो,’’ बायको म्हणाली.

‘‘तुला शिक्षणशास्त्रातलं काय कळतंय?’’ (ती बी.एड. आहे. मी डी.एड.)

पाठाच्या दिवशी साहेब मागच्या बाकावर बसले. मी काठी उभारली. ‘‘ही काठी, ही दोरी, झाला लघुकोन!’’ अख्खा वर्ग ताडकन उभा! बावीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्या वर्गात कुणी खिडकीबाहेर बघत नव्हतं.

‘‘गुरुजी, मागे बघा, गरी लोंबतेय!’’ पाचवीतली सायली ओरडली. हिच्या घरची होडी आहे.

‘‘गप्प! वर्ग कोण घेतंय, तू की मी?’’

आणि विशालकोन दाखवायला मी काठी जोरात पुढे फेकली. काठी गेली, गरी आली नाही. ती माझ्या पँटला मागून लागली होती, आणि पँटच्या आत जे असतं त्यालाही! आई गं! मी दोरी ओढली.

‘‘ओढू नका!’’ तीस पोरं एकदम किंचाळली.

‘‘ओढाल तेवढी आत जाईल, गुरुजी. मासापण हेच करतो,’’ सायलीने समजावलं आणि कात्रीने दोरी कापली. दोन पोरं कोनमापक घेऊन गरी किती अंशात शिरलीय ते बघू लागले. (एकशे दहा. विशालकोनच होता!) साहेब बाकावर चढून टिपणं काढत होते.

डॉक्टरांनी गरी काढली आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दुसऱ्या बाजूला दिलं.

संध्याकाळी सासऱ्यांनी विचारलं, ‘‘काय, गावलं का काही?’’

‘‘गावलं की,’’ बायको म्हणाली. ‘‘हे काय, भिंतीला धरून उभं आहे.’’

पाठोपाठ साहेबांचा शेरा आला. ‘मुलांचा सहभाग उत्कृष्ट. शिक्षकांना पाच दिवसांच्या प्रशिक्षणाची नितांत गरज.’ दुसऱ्याच दिवसापासून!

समोर तोच शेंबडा, तोच माईक. ‘‘सर, उभे का? बसा ना!’’

‘‘नको,’’ मी म्हटलं, ‘‘तुमचा हुक लागलाय.’’